खापराचं गाव कोणतं?

मंडळी, या वीकांताचा विषय आहे खापर. हो, तेच ते, फुटक्या मडक्याचा तुकडा. आपल्याकडे खापर हे मुख्यतः कुणाच्या तरी माथी फोडण्यासाठी असतं. प्रोजेक्ट लटकला की क्लायंट आपल्या माथी फोडतो, आपण टेस्टिंगवाल्यांच्या माथी फोडतो, वगैरे वगैरे. आजच्या गोष्टीत इतिहासाच्या अभ्यासकांनी दोन प्रकारची खापरं रोमन लोकांच्या माथी फोडली होती, आणि पुढे मातीच्या तपासणीतून त्यांचे खरे पत्ते निघाले. त्यातल्या एका तपासात मोठा वाटा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आपल्या गल्लीपासून सुरुवात करू. भोसरी-चाकणचा पुणे-नाशिक हायवे म्हटलं की आपल्याला ट्रॅफिक आठवतं, कंटेनर आठवतात. पण हाच रस्ता धरून चाकणच्या पुढे गेलात तर मंचरजवळ घोड नदीकाठी चांडोली लागतं. तिथे १९६० साली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि तीनेक हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. नारायणगावहून आत वळलं की जुन्नर, सातवाहनांच्या काळातलं मोठं ठाणं. तसंच पुढे संगमनेरला पोचलं की तिथून जवळच प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव. १९५०-५१ साली इथे उत्खनन झालं आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेल्या ज्या भांड्यांनी महाराष्ट्राचा ताम्रपाषाण युगाचा इतिहास उभा राहिला, त्यांना या गावाचंच नाव मिळालं. म्हणजे ज्या रस्त्याला आपण रोज शिव्या घालतो तो महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा हमरस्ता आहे!

दुसऱ्या बाजूला, जुन्या मुंबई हायवेने तळेगावच्या पुढे गेलं की कार्ले. एकवीरेला आपण सगळेच जातो, पण शेजारच्या चैत्यगृहातल्या खांबांवर कोरलेले लेख कितीजण बघतात? त्यात काही खांबांचे दाते 'यवन' आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही इरिल, चित आणि चंद असे तीन यवन दाते आहेत. म्हणजे समुद्रापलीकडच्या लोकांशी या भागाचा संबंध होता यात शंकाच नाही. प्रश्न एवढाच, की नेमका कुणाशी, कधी आणि किती? या प्रश्नाची उत्तरं शोधताना हाताशी सगळ्यात जास्त काय असतं? खापरं.

त्याचं कारण साधं आहे. लाकूड कुजतं, कापड कुजतं, लोखंड गंजतं, सोनं-चांदी लोक वितळवून घेतात. भाजलेल्या मातीचं मात्र कुणी काही करत नाही. मडकं फुटतं, पण खापर तीन-चार हजार वर्षं तसंच राहतं. आपल्या शेतकऱ्यांना हे पुरातत्त्ववाल्यांच्या आधीपासून माहीत आहे. गावाबाहेर जमीन कसायची ती 'काळी', आणि जुनी वस्ती होती ती 'पांढरी'. पांढरीच्या टेकाडातली राखाडी माती खत म्हणून शेतात टाकायची पद्धत होती. त्या मातीबरोबर किती खापरं शेतात गेली असतील देव जाणे.

आता खापर हातात आलं की ते कुठलं हे ओळखायचं कसं? जुनी रीत म्हणजे बघून. घाट कसा आहे, काठ कसा वळवलाय, नक्षी कोणती, चकाकी कशी. अनुभवी माणूस चार खापरं बघून काळ आणि प्रदेश सांगतो, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतो. पण 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' हे आपल्या लोकांनी उगाच नाही म्हटलेलं.

१९४५ साली मॉर्टिमर व्हीलर, तेव्हाचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक, यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला उत्खनन केलं. तिथे इटलीतल्या अरेझो गावची लाल चकचकीत भांडी सापडली आणि दारू-तेलाची दोन कानांची उंच भांडी, म्हणजे अँफोरा, सापडली. हे सगळं अस्सल परदेशी होतं. त्याच थरांत आणखी एक प्रकार मिळाला. राखाडी-काळी, पातळ, टणटणीत आवाजाची मोठी ताटं, आणि ताटाच्या आतल्या तळाला बारीक बारीक खाचांची एकात एक वर्तुळं. या नक्षीला रुलेटेड म्हणतात. असं खाचांचं काम भूमध्य समुद्राकडच्या भांड्यांवर दिसतं. शेजारी इटलीची भांडी सापडलेली. मग ही ताटंही तिकडचीच किंवा तिकडून आलेल्या कारागिरीची असं मांडलं गेलं. अरिकमेडूचं नावच 'इंडो-रोमन व्यापारी ठाणं' पडलं. या ताटांना मिळालेली तारीख मग इतर ठिकाणीही लागू झाली. रुलेटेड खापर मिळालं की इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक, रोमन व्यापार, विषय संपला.

आपल्या भाषेत सांगायचं तर एका टेबलमध्ये एक चुकीची की पडली आणि पुढच्या सगळ्या टेबल्सनी तीच उचलली.

१९८३ साली विमला बेगली यांनी हे सगळं पुन्हा तपासलं आणि सांगितलं की ही ताटं भारतातच झालेली आहेत, आणि रोमन व्यापाराच्या भराच्या आधीपासूनची आहेत. पण हाही युक्तिवाद घाट, नक्षी आणि थर यांवरच उभा होता. तज्ज्ञ विरुद्ध तज्ज्ञ. निकाल कसा लावणार?

इथे मला आपल्या बेल्टमधली एक गोष्ट आठवते. मी मेकॅनिकल शिकून आयटीत आलेला प्राणी. काही महिने एका ऑटो पार्ट्सवाल्यांच्या ट्रेसेबिलिटी सिस्टिमवर काम केलं. कास्टिंगचा प्रत्येक नग कोणत्या भट्टीच्या कोणत्या घाणातून आला, याचा एक हीट नंबर असतो. उद्या एखादा नग फेल झाला तर त्या नंबरवरून मागे मागे जात थेट कच्च्या मालापर्यंत पोचता येतं. फाउंड्रीत रस ओतण्याआधी त्याचा छोटा नमुना घेऊन स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवतात, ठिणगी पडते, आणि मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर यांचे आकडे स्क्रीनवर येतात. समजा नगावरचा नंबर घासून गेला, तरी रचनेचे आकडे नगाच्या पोटात असतातच. ते पुसता येत नाहीत.

खापराचंही तेच आहे. कुंभार नंबर टाकत नाही, पण माती टाकतो. आणि प्रत्येक जागच्या मातीत लोह, टायटॅनियम, क्रोमियम, थोरियम, लँथॅनम असल्या मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, कारण ती माती ज्या खडकांपासून बनली ते खडक वेगळे असतात. दुसरी सोयीची गोष्ट म्हणजे माती जड असते. डीन अरनॉल्ड या अभ्यासकाने जगभरच्या कुंभारांची माहिती जमवली, तेव्हा बहुतेक ठिकाणचे कुंभार सात किलोमीटरच्या आतूनच माती आणतात असं दिसलं. घाट आणि नक्षी शिकून घेता येते, माणसाबरोबर हजार मैल जाते. पण डोक्यावरून किंवा गाढवावरून लांबची माती कोण आणेल? म्हणून नक्षी शैली सांगते, माती गाव सांगते. या लेखातलं एक वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मोजायच्या पद्धती अनेक आहेत. न्यूट्रॉन ॲक्टिव्हेशनमध्ये खापराची पूड अणुभट्टीत ठेवून तिच्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात, आणि मग त्यातली मूलद्रव्यं आपापल्या खास ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात, ते मोजतात. भूमध्य समुद्राकडच्या खापरांवर असं काम अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत झालं आणि १९५७ साली छापून आलं. एक्स-रे फ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे एक्सआरएफमध्ये, हेच काम क्ष-किरणांनी होतं. हातात धरायची एक्सआरएफ गन तुमच्यापैकी काहींनी स्क्रॅप यार्डात किंवा इनवर्ड तपासणीत बघितली असेल. तिसरी पद्धत एक्स-रे डिफ्रॅक्शन, एक्सआरडी. ती मूलद्रव्यं मोजत नाही, खनिजं ओळखते. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक असे स्फटिक क्ष-किरणांना आपापल्या ठरावीक कोनांत वळवतात, आणि त्या आलेखावरून मातीत काय काय आहे ते कळतं.

मग प्रत्येक खापर म्हणजे एक रो, आणि वीस-तीस मूलद्रव्यं म्हणजे तेवढे कॉलम. पुढचं काम आपल्या ओळखीचं. क्लस्टरिंग करा, गट पडतात का बघा. पण यात खाचखळगे आहेत. कुंभार मातीत वाळू, राख, लीद, भुसा मिसळतो, त्यामुळे सगळेच आकडे पातळ होतात. म्हणून नुसते आकडे न बघता त्यांची गुणोत्तरं बघावी लागतात. हजारो वर्षं जमिनीत पडून राहिल्यावर कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम यांची ये-जा होते, म्हणून त्यांच्यावर फार विसंबता येत नाही. भट्टीत जास्त आच लागली तर मूळ चिकणमातीची खनिजं मोडून नवी तयार होतात, म्हणून एक्सआरडी वापरताना भाजणीचाही विचार करावा लागतो. आणि सगळ्यात मोठी अट १९७७ साली वायगँड, हार्बॉटल आणि सेअर यांनी नेमक्या शब्दांत मांडली. एका जागच्या मातीत आपापसात जेवढा फरक असतो, त्यापेक्षा दोन जागांच्या मातींमधला फरक जास्त असायला हवा. तसं नसेल तर मशीन कितीही भारी असो, उपयोग शून्य.

आता पुन्हा त्या ताटांकडे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंडोनेशियात बाली बेटावर सेंबिरान इथे हुबेहूब अशीच रुलेटेड खापरं सापडली. १९९३ साली अर्डिका, बेलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भारत-श्रीलंकेतल्या खापरांशी ताडून पाहिली, आणि सगळी मिळून एकाच स्रोताकडे बोट दाखवायला लागली. तो स्रोत कुठला? इथे येरवड्याचं डेक्कन कॉलेज आलं. तिथल्या विश्वास गोगटे यांनी एक्सआरडीने ठिकठिकाणच्या खापरांचे खनिज-आलेख एकमेकांशी ताडले, आणि १९९७ साली निष्कर्ष मांडला की ही ताटं बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली आहेत. तामलुक म्हणजे जुनं ताम्रलिप्ती बंदर, गंगेच्या मुखाजवळचं. २००५ साली ब्रिटनमधल्या फोर्ड, पोलार्ड, कॉनिंगहॅम आणि स्टर्न यांनी वेगळ्या पद्धतीने मूलद्रव्यं मोजली, तेव्हाही रुलेटेड आणि तिच्या जातकुळीतली इतर चांगली भांडी एकाच भूवैज्ञानिक स्रोताची निघाली. नेमक्या ठिकाणाबद्दल सगळ्या अभ्यासकांचं एकमत झालंय असं नाही. पण ताटं इटलीची नाहीत हे पक्कं झालं.

म्हणजे बघा, ज्या ताटांकडे बोट दाखवून 'रोमन इथे आले' असं सांगितलं जायचं, ती ताटं सांगत होती की इथले लोक तिकडे गेले. बंगालच्या उपसागराभोवती, श्रीलंकेपर्यंत आणि सरळ रेषेत चार हजार किलोमीटरहून लांब बालीपर्यंत. हे वाचल्यावर कॉलर ताठ होते की नाही? माझी झाली. :)

पण जरा थांबा. आता दुसरं खापर.

पश्चिम भारतात, आपल्या महाराष्ट्रातही, बऱ्याच उत्खननांत अँफोराची खापरं मिळाल्याच्या नोंदी होत्या. अँफोरा म्हणजे भूमध्य समुद्राकडची दारू किंवा तेल, म्हणजे रोमशी थेट व्यापार. शाळेच्या पुस्तकातलं सातवाहनांचं वैभव आपल्याला आठवतंच. रोबर्टा टॉम्बर या मातीच्या भांड्यांच्या तज्ज्ञ बाईंनी भारतातल्या संग्रहांमधली ही खापरं स्वतः हातात घेऊन, भिंगाखाली बघून तपासली आणि २००७ साली लिहिलं, की यातली बरीचशी अँफोरा नाहीतच. ती टॉर्पेडो जार आहेत. टॉर्पेडो जार म्हणजे लांबुळकी, खाली निमुळती, बिनकानांची भांडी, इराक-इराणच्या भागातली. अख्खं भांडं समोर असेल तर लहान मूलही फरक सांगेल, कारण अँफोराला दोन कान असतात. पण मधल्या पोटाचा चार बोटं तुकडा हाती आला तर कान कुठून दिसणार?

दोघांच्याही आतून काळा थर असतो, म्हणजे घोटाळ्यात भर. मातीची भांडी झिरपतात, म्हणून आतून लेप लावायचा. पण भूमध्य समुद्राकडे लेप असायचा पाइनच्या झाडाच्या राळेचा, आणि मेसोपोटेमियाकडे जमिनीतून पाझरणाऱ्या डांबराचा. डोळ्यांना दोन्ही काळेच. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीला मात्र एक झाड दिसतं आणि दुसरं खनिज तेल. तेल कंपन्या आपल्या विहिरीतलं तेल कोणत्या खडकातून आलं हे ज्या रेणूंवरून ओळखतात, त्याच रेणूंवरून डांबराचं गावही शोधता येतं. श्रीलंकेत अनुराधपुराला सापडलेल्या अशा खापरांवरचं डांबर २००८ साली तपासलं, तेव्हा त्याचा माग इराणमधल्या सुसाच्या परिसरापर्यंत गेला.

यात नुसतं गाव बदललं नाही, काळही बदलला. अँफोराचा भर इसवी सनाच्या आगेमागेच्या दोन-तीन शतकांतला. टॉर्पेडो जार साधारण तिसऱ्या ते नवव्या शतकांतल्या. म्हणजे ज्या थराची तारीख केवळ 'रोमन अँफोरा' एवढ्याच आधारावर ठरवली असेल, तो थर दोनशे काय, पाचशे वर्षांनीही पुढे सरकू शकतो. सातवाहनांच्या खात्यात जमा केलेला व्यापार वाकाटकांच्या किंवा त्याहून नंतरच्या काळातला निघू शकतो. आणि रोमशी व्यापार आटला तेव्हा आपली बंदरं ओस पडली, या सरसकट विधानालाही धक्का बसतो, कारण तेव्हा इराणच्या आखाताकडून माल येतच होता.

आता गंमत बघा. पहिल्या खापराने आपल्याला दिलं, दुसऱ्याने आपल्याकडून काढून घेतलं. निदान वरवर बघता तरी. रुलेटेड ताटं 'आपली' निघाली तेव्हा जो माणूस 'वा, विज्ञानाने सिद्ध केलं' म्हणून फॉरवर्ड करतो, त्यानेच टॉर्पेडो जारच्या वेळी 'या परदेशी लोकांना काय कळतंय' म्हणायचं, हे चालणार नाही. गोगट्यांचे आलेख मान्य असतील तर सुसाचं डांबरही मान्य करावं लागतं. कुठलीही तपासणी तेव्हाच खरी, जेव्हा तिचं उत्तर आपल्याला हवं ते आलं नाही तरी आपण ते नोंदवून घेतो. शॉपफ्लोअरवर हे सगळ्यांना कळतं. स्पेक्ट्रोमीटरने घाण नापास केला तर कुणी मशीनला देशद्रोही म्हणत नाही. इतिहासाच्या बाबतीत मात्र आपली मती का फिरते कोण जाणे.

आता शेवटचा प्रश्न, आपल्या जोर्वेच्या भांड्यांचा. शिरूर तालुक्यातलं इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढी वर्षं खणलं. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं हे गाव. तिथे घरं सापडली, कुंभाराची भट्टी सापडली, आणि दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं सापडली. जोर्वे पद्धतीची भांडी कोकण आणि पूर्व विदर्भ सोडला तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात मिळतात, आणि इतकी एकसारखी की प्रश्न पडतो. ही एक-दोन मोठ्या कुंभारवाड्यांतून सगळीकडे जात होती, की गावोगावचे कुंभार एकच रीत पाळत होते?

रसायनशास्त्राला विचारायला जावं तर मध्ये आपला सह्याद्री उभा. पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी, सगळ्या नद्या हाच दगड झिजवून गाळ आणतात. लोह भरपूर, टायटॅनियम भरपूर, इथून तिथून सारखं. म्हणजे वर सांगितलेली ती अट, दोन जागांत फरक हवा, इथे अवघड होऊन बसते. गंगेच्या गाळाचं किंवा इराणच्या मातीचं खापर दख्खनमध्ये आलं तर ते चटकन उठून दिसेल. पण इनामगावचं मडकं नेवाशात सापडलं तर ते ओळखण्यासाठी अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजावी लागतील, आणि नदीनदीच्या गाळाचे नमुने घेऊन आधी संदर्भाची बँक तयार करावी लागेल. डेटाबेसच रिकामा असेल तर क्वेरी कितीही छान लिहा, उत्तर यायचं कुठून?

आणि ही बँक करायला माती जागेवर असावी लागते. आपल्या भागात नवे फेज पडतायत, रस्ते रुंद होतायत, नदीकाठ बांधले जातायत. मी काही विकासाच्या विरुद्ध नाही, माझा पगार त्यातूनच येतो. पण पांढरीचं टेकाड जेसीबीने सपाट झालं की खापरं राहतात, पत्ता जातो. खापर कुठल्या मातीचं बनलंय हे मशीन सांगेल. ते कुठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडलं होतं हे जगातलं कुठलंही मशीन सांगणार नाही.

तेव्हा ट्रेकला, शेतावर किंवा साइटवर गेलात आणि नांगरटीत नक्षीचं खापर दिसलं, तर ते खिशात घालून घरच्या शोकेसमध्ये आणू नका. फोटो काढा, जागा मोबाईलवर टिपून ठेवा, खापर तिथेच राहू द्या, आणि पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. एवढं तर आपण करू शकतो.

असो. बराच लांबला लेख. तुमच्या गावाजवळ पांढरी असेल तर जरूर कळवा. पुढच्या वीकांताला भेटूच.